स्नो विकणारी प्रमिलाबाई

डबीतला बरा की पानावरचं बरं, हा प्रश्न आष्टीच्या बायकांनी प्रमिलाबाईला इतक्यांदा विचारला असेल, की तिच्या जागी मी असते तर दुकानाच्या दारावर उत्तराची पाटी टांगून मोकळी झाले असते. तिचा स्वभाव माझ्यासारखा नव्हता. प्रत्येक बाईला ती नव्याने उत्तर देई, आणि उत्तराआधी चार प्रश्न विचारी.

डबीतला म्हणजे नागपूरहून येणारा, तोंडाला लावायचा स्नो. पांढऱ्या काचेची डबी, झाकणावर चंद्रकोर, आत गुलाबाचा की कशाचा तरी मंद वास. महाग होता. पानावरचं म्हणजे प्रमिलाबाईने घरी केलेलं मलम. मधाच्या पोळ्याचं मेण आणि टोळंबीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं तेल चुलीवर एकत्र करून थिजवायचं, आणि पळसाच्या पानावर गोळा ठेवून द्यायचा. कुणालाही परवडे. वास मात्र असा, की लावणारी बाई अंधारातसुद्धा ओळखू यावी.

"कापूस वेचायले जाता का?" ती विचारी. "चुलीपुढं किती बसता? नुसती कातडी ओढते का रगत येते?" मग बाईचा हात हातात न घेता, नुसता डोळ्यांनी पाहून सांगे. कापूस वेचणाऱ्या बायकांची बोटं बोंडांच्या टोकांनी खरडून गेलेली असत. त्यांना ती पानावरचंच देई. पोरीला पाहायला पाहुणे येणार म्हणून कुणी आई आली तर डबी काढून देई, पण देताना बजावून देई, "वासानं पोरीचं मन खुलते, तेवढ्यासाठी लावा. गोरी होईन असं नका समजू. वरून पीठ भुरभुरल्यावानी दिसते, बस." अशाने धंदा बुडेल असं मला वाटायचं. तो बुडला नाही, उलट तळेगावापासूनच्या बायका बाजाराच्या दिवशी आधी तिच्याकडे येऊ लागल्या.

माझे यजमान तेव्हा तिथल्या शाळेत मास्तर होते. पन्नास सालानंतरची पाच-सहा वर्षं आम्ही आष्टीत काढली आणि आमचं बिऱ्हाड तिच्या दुकानाच्या बरोबर समोर होतं. मी स्वतः डबीवाली. मला तो वास आवडे आणि अजूनही त्याबद्दल कुणी नाक मुरडलं तर मी ऐकून घेत नाही.

प्रमिलाबाई तिशीच्या आतबाहेरची असेल. उंच, हाडापेराने मजबूत, कपाळ मोकळं, फिकट लुगडं. आणि थंडीत बघवणार नाही असा चेहरा. तिकडचा पौषातला गारठा कोरडा असतो. त्यात ती पहाटे उठून थंड पाण्याने तोंड धुई. दोन्ही गालांना बारीक चिरा पडत, ओठांच्या कोपऱ्यांत रक्त वाळून बसलेलं असे. मागे फळीवर डब्याच डब्या, पुढे मलमाची पानं, आणि मधे हा चेहरा. नवं गिऱ्हाईक हसे. "बाई, तुमच्या मालानं तुमचंच काई भलं होऊन नाई राह्यलं, आमचं का होईन?"

"मी विकते, लावत नाई," ती म्हणे आणि हसताना ओठ फाटू नये म्हणून त्यावर बोट धरी.

ती विधवा होती. कुणबी-तेल्यांत त्या भागात विधवेचा पाट लागतो, म्हणजे दुसरं लग्न होतं, चार दिवस रडून बाई पुन्हा माणसांत येते. पण हे घर वाण्याचं, आणि वाण्यांतही नेमाधर्मात सगळ्यांच्या पुढे. त्या घरच्या विधवेने वासाचं किंवा चोपडं काही अंगाला लावायचं नाही. केसांना तेल नाही, हातापायांना नाही, तोंडाला तर नाहीच. हा नेम घरात कोणी चालवत असेल तर ती प्रमिलाबाईची सासू, जिजाबाई. ती स्वतः ऐन तारुण्यात विधवा झालेली, धाकटा मुलगा तेव्हा रांगतही नव्हता. तेव्हापासून तिने नेम पाळला होता आणि सुनेनेही तो तसाच पाळावा यात तिला काही वावगं वाटत नव्हतं. मी तिला कधी हसताना पाहिलं नाही. मला ती बाई आवडत नसे, हे सरळच सांगते.

प्रमिलाबाईचा नवरा हरिदास याचं मनिहारी सामानाचं दुकान होतं. बांगड्या, कुंकू, फण्या, आरसे, साबण, स्नो, पावडर. तो तापाने गेला आणि दुकान बंद पडायची वेळ आली, कारण विधवेच्या हातून कुंकू कोण घेणार? पहिल्या संक्रांतीला एकही बाई दुकानाची पायरी चढली नाही. धाकटा दीर महादेवराव धान्याचा व्यापार करी. रस्त्यावरची ती खोली त्याला पोती ठेवायला हवी होती, आणि त्याने तसं तेरावं झाल्या झाल्या बोलूनही दाखवलं. महादेवराव मनाने वाईट नव्हता असं म्हणायची पद्धत आहे. मी म्हणणार नाही.

प्रमिलाबाईने काय करावं? तिने बांगड्या आणि कुंकू सगळं उचलून गल्लीतल्या कासाराच्या स्वाधीन केलं. सौभाग्याचं म्हणून जे जे होतं ते दुकानातून बाहेर काढलं आणि सासूपुढे जाऊन उभी राहिली. "साबण, तेल आन् तोंडाले लावायचं तेवढंच ठेवते. यात सवाष्णीचं असं काई नाई. भेगा तं साऱ्यायलेच पडतेत." खोली सासऱ्याने मरताना जिजाबाईच्या हवाली केली होती, म्हणून शेवटचा शब्द तिचाच होता. जिजाबाई म्हणाली, "बस दुकानात. पण नेम मोडला त्या दिवशी दुकान महादेवाच्या हाती जाईन. मंग मले येऊन रडजो नोको."

या बोलीवर दुकान सुरू झालं. ते गेलं तर प्रमिलाबाईला त्या घरात मागच्या चुलीपलीकडे जागा नव्हती, आणि मूलबाळ नसलेल्या विधवेची त्या चुलीपुढे काय गत होते ते आम्ही सगळ्या जाणून होतो. दुकानात ती माणूस होती. बायका तिला नावाने हाक मारत, सल्ला विचारत, तिची वाट बघत थांबत.

मेण आणि टोळंबी आणून देणारी सुंदरा नावाची गोंडीण होती. डोंगराकडच्या वस्तीतून बाजाराच्या दिवशी डोक्यावर टोपली घेऊन येई. आपसांत त्यांची बोली वेगळी, आमच्याशी बोलताना आमची. वयाने प्रमिलाबाईएवढीच, पण पायात वारं भरलेलं, आणि तोंडाला फाटक नाही. मलम करायची युक्ती तिचीच. त्यांच्याकडे थंडीत पायांच्या भेगांत तेच भरतात. प्रमिलाबाईने मेणाचं प्रमाण कमी करून ते तोंडाला चालेल असं मऊ केलं. पण चालतं की नाही हे कसं कळणार? स्नो काय करतो आणि मलम काय करतं, हे लावल्याशिवाय सांगता येईना आणि लावायची तर सोय नाही.

"माह्या तोंडाले का होते? लाव," सुंदरा म्हणाली.

मग त्या थंडीत सुंदरा बाजारात दोन गाल घेऊन हिंडली. डाव्या गालाला डबीतला स्नो, उजव्याला पानावरचं मलम. वस्तीत नेण्यासाठी प्रमिलाबाईने दोन्ही बांधून दिलेलं. दर बाजाराला ती दुकानाच्या पायरीवर बसे आणि बायका येऊन तिचे गाल बघत. हात लावून बघत. मीही लावला. डावा गाल सकाळी पांढरट, गुळगुळीत, वासाचा. दुपार झाली की ओढल्यासारखा कोरडा. उजवा चकचकीत, त्यावर धूळ बसलेली, वासाबद्दल बोलायलाच नको. पण कातडी मऊ. बायका खो खो हसत. सुंदरा त्यांच्याहून मोठ्याने हसे आणि वासाचा गाल पुढे करून म्हणे, "घरवाला मले इकडच्या कुशीनं झोप म्हणते."

तेव्हापासून प्रमिलाबाई दोन्हींबद्दल जे सांगे ते सुंदराच्या गालांवरून सांगे. एकदा सुंदराने मेण ओतता ओतता तिच्या तोंडाकडे बघून विचारलं, "तू काऊन लावत नाई वं? नवरा मेला, कातडी तं नाई मेली?"

"तुमच्या घरी नसन मरत," प्रमिलाबाई म्हणाली. "आमच्या घरी तेबी संगच जाते." हे ती चिडून म्हणाली नाही. हवापाण्याबद्दल बोलावं तसं म्हणाली आणि पानं पुसायला लागली.

पुढच्या वर्षीच्या पौषातली गोष्ट. मी साबणाला म्हणून दुकानात गेले होते. पंचफुला नावाची एक मजूर बाई लेकराला पोटाशी धरून आली. पहाटेच्या थंडीत कापसाच्या शेतात जाताना ती त्याला सोबत नेई आणि वाऱ्याने त्या लेकराच्या गालांची अगदी दैना झाली होती. दोन्ही गाल सोलल्यासारखे लाल, मधे चिरा, चिरांत ओल. ते रडूनही दमलेलं होतं. पंचफुला म्हणाली, "बाई, महागाचं द्या. डबीतला द्या. माह्यासाठी नाई, लेकरासाठी हाय, लेकराले सस्तं नाई लावायचं मले."

प्रमिलाबाईने डबी काढली. मग हात थांबला.

"झोंबन का हो त्याले?" पंचफुलाने विचारलं. "आधीच लय रडून राह्यलं."

प्रमिलाबाईला ते माहीत नव्हतं. सुंदराचे गाल धडधाकट, त्यांवर चीर नव्हती. चिरलेल्या कातडीवर काय होतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि तिने विचारलं नव्हतं. तिने एकदा माझ्याकडे बघितलं. माझे गाल तर लोण्यात वाढलेले. तिथे तशा चिरा पडलेला दुसरा चेहरा एकच होता.

तिने डबीत बोट घातलं आणि आपल्या डाव्या गालावरच्या चिरांना स्नो लावला. मी नको म्हणायच्या आत लावला. क्षणभर काही नाही, आणि मग तिचा सगळा चेहरा आवळला गेला. डोळ्यांत पाणी उभं राहिलं. तिने पदराने गाल खसखसून पुसला. मग पानावरचं मलम दुसऱ्या बोटाने घेतलं, उजव्या गालाला लावलं, आणि उभी राहिली. आम्ही दोघी तिच्याकडे बघत होतो. लेकरू हुंदके देत होतं. काही झालं नाही. उलट तिच्या कपाळावरची आठी हळूहळू गेली आणि तिने असा श्वास सोडला, की जणू कित्येक दिवस तो तिने छातीत धरून ठेवला होता.

"हे ने," तिने पान पंचफुलाच्या हातात दिलं. "डबीतला झोंबते. हे नाई झोंबत."

पंचफुला गेली. मी साबण घेतला. निघताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. स्नो तिने पुसून टाकला होता, मलम पुसलं नव्हतं.

पंचफुलाचं लेकरू चांगलं झालं. आणि ती भली बाई जिथे जाईल तिथे प्रमिलाबाईचे गोडवे गाऊ लागली. विहिरीवर, शेतात, बाजारात. "सोताच्या गालाले लावून पाह्यलं बाईनं, मंगच माह्या लेकराले देल्लं. आपली माय तरी असं करन का?" तिला वाटलं ती पांग फेडते आहे. कुणब्याच्या बाईला यात काय वाईट दिसणार? पण ते बोलणं फिरत फिरत महादेवरावाच्या बायकोच्या, शकुंतलाबाईच्या कानी गेलं, आणि तिथून ते वेगळंच होऊन बाहेर पडलं. विधवा बाई दुकानात बसून तोंडाला स्नो फासते, असं.

महादेवरावाला हवंच होतं. त्याने आर्वीहून भाऊबंद बोलावले. बापूजी नावाचे त्यांचे वडीलधारे चुलते आले, आणखी दोघंतिघं आले. संक्रांत झाल्यावर एका दुपारी ओसरीवर बैठक बसली. बाईमाणसं आतल्या दाराशी. मी शेजारीण म्हणून गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं आणि उठ म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

जिजाबाई ओसरीच्या खांबाला टेकून बसली होती. प्रमिलाबाई तिच्यापासून हातभर दूर उभी.

त्या घरात एक रीत होती. भांडण मिटेना झालं की तागडीवर हात ठेवून बोलायचं. दिवाळीत जिची पूजा होते, जिच्यावर घर जगतं, तिच्या पारड्याला हात लावून वाणी खोटं बोलत नाही. बोलला तर धंदा बसतो असा त्यांचा विश्वास. महादेवरावाने दुकानातली तागडी आणून हातात धरली होती. त्याच्या तोंडावर आधीच निकाल लिहिलेला होता.

"वहिनी, लावलं का नाई तोंडाले?" त्याने विचारलं.

"लावलं," प्रमिलाबाई म्हणाली. "पंचफुलाच्या लेकरासाठी लावून पाह्यलं."

बापूजी म्हातारे होते आणि त्यांना परत जायची मोटार गाठायची होती. पण माणूस दयाळू. त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. "हे पाय पोरी, लेकरापायी लावलं यात काई पाप नाई. कोनाचं भलं करायले केलं. तेवढं त्या दिवशी लावलं, त्याच्या मांगं-पुढं नाई लावलं, असं तागडीवर हात ठेवून म्हण. तुझं दुकान तुझ्यापाशी. महादेवा, तुबी मंग तोंड बंद ठेवजो."

मला हायसं वाटलं. महादेवरावाचं तोंड उतरलं ते बघून तर फारच बरं वाटलं. एक वाक्य बोलायचं होतं. दुकान वाचलं, असंच आम्हा सगळ्यांना वाटलं. माझ्या शेजारची बाई तर पदर सावरून उठायला लागली.

प्रमिलाबाईने पारड्याला हात लावला. साखळ्या वाजल्या.

"म्हण ना वं," बापूजी म्हणाले.

"नाई म्हणता येत, मामंजी."

"काऊन?"

"त्या दिवशी लेकरासाठी लावलं. त्याच्या मांगून माह्यासाठी लावलं." तिचा आवाज बारीक होता पण ओसरीभर ऐकू आला. "दुकान बंद केलं का रोज रात्री लावते. डबीतला नाई, पानावरचं. उजेडायच्या आत धुवून टाकते."

मला तिचा इतका राग आला की काय सांगू. एवढं खरं बोलायची काय गरज होती? पितळेचं पारडं ते, त्याला काय कळतं? मी असते तर त्यावर दोन्ही हात ठेवून सांगितलं असतं आणि रात्री स्वस्थ झोपले असते. बापूजींनी मान खाली घातली. महादेवराव जिजाबाईकडे, आपल्या आईकडे वळला. "ऐकलं ना माय? आपल्या तोंडानं सांगून राह्यली. आता बोल."

"काऊन लावलं?" आर्वीच्या एका पाहुण्याने दरडावून विचारलं.

"दुखत होतं म्हणून," प्रमिलाबाई म्हणाली.

आता सगळे जिजाबाईकडे बघत होते. शब्द तिचा होता. मीही बघितलं, आणि त्या घरासमोर इतकी वर्षं राहून मी त्या म्हातारीचा चेहरा पहिल्यांदा धड पाहिला. सून तिशीतली, तिच्या चिरा बारीक होत्या. जिजाबाईच्या गालांवर सुगीनंतरच्या काळ्या जमिनीला पडतात तशा भेगा होत्या, जुन्या, एकीत एक मिसळलेल्या. खालच्या ओठाच्या मधोमध उभी चीर होती, काळी पडलेली. ती कधी हसत का नसे, हे मी स्वभावावर ढकललं होतं. तो ओठ घेऊन कुणालाही हसता आलं नसतं.

जिजाबाई महादेवरावाकडे बघत नव्हती. सुनेकडे बघत होती.

"सकाळी तोंड धुतलं का मंग झोंबत नाई का वं?" तिने विचारलं.

प्रमिलाबाईला आधी प्रश्न कळलाच नाही. "काय, आत्याबाई?"

"पाणी. थंडं पाणी घेतलं तोंडावर, तं झोंबत नाई का आता?"

"नाई झोंबत."

"अजिबात?"

"अजिबात नाई, आत्याबाई."

जिजाबाईची बोटं लुगड्याच्या काठाशी चाळा करत होती. महादेवराव "माय" म्हणून काही बोलायला लागला, तर तिने त्याच्याकडे न बघता हात वर केला आणि तो गप्प झाला. मग ती बोलली, आणि तिच्या आवाजात सासूपण काही उरलं नव्हतं. रुसलेल्या पोरीचा असावा तसा तो आवाज होता.

"मंग मले काऊन नाई सांगितलं?"

प्रमिलाबाईच्या हातातून पारडं सुटलं. ती सासूपुढे खाली बसली आणि तोंडावर पदर घेऊन रडायला लागली. दुकान गेलं असं वाटलं तेव्हा ती रडली नव्हती. दाराशी आम्हा बायकांतही कुणाचे डोळे कोरडे राहिले नाहीत. त्या घरातल्याच दोन विधवा चुलतसासवा माझ्या मागे बसल्या होत्या, त्या एकमेकींचा हात धरून बसलेल्या मी पाहिल्या. बापूजी उठले, जोडे पायात घातले आणि कुणाला काही न सांगता मोटारीच्या वाटेने चालू लागले. दुकानाचं काय ठरलं हे विचारायला ओसरीवर उरलेल्यांपैकी कुणाचं तोंड उघडलं नाही. ते प्रमिलाबाईकडेच राहिलं.

"ऊठ, आण," जिजाबाई म्हणाली.

प्रमिलाबाई दुकानातून मलमाचं पान घेऊन आली. बोटावर थोडं घेऊन ती सासूच्या गालाशी हात नेते तोच म्हातारीने तिचं मनगट धरलं. मलमाचा वास घेतला आणि मान फिरवली.

"हे नाई. तो वासाचा आण."

"आत्याबाई, तो झोंबते. तुमच्या चिरायले लय झोंबन. हेच बरं हाय, मी लावून पाह्यलं."

"झोंबू दे," जिजाबाई म्हणाली.

प्रमिलाबाई उठून डबी घेऊन आली. महादेवराव तागडी धरून तसाच उभा होता, त्याला ओलांडून तिला जावं-यावं लागलं. तिने झाकण काढलं तसा ओसरीवर गुलाबाचा वास पसरला. पहिल्या बोटाला म्हातारीचं सगळं अंग दचकलं, डोळ्यांतून पाणी घळघळा वाहायला लागलं. प्रमिलाबाईने पुसायला पदर पुढे केला, तर तिने तो बाजूला सारला. ती डोळे मिटून, नाक वर करून वास घेत बसली आणि दुसरा गाल पुढे केला.